नेक्रोबिया रुफिकॉलिस : एका भुंगेऱ्याची शरीररचना, त्याचे वर्गीकरण आणि बोर्दोच्या तुरुंगातील लात्रेय

प्रस्तावना

फ्रेंच राज्यक्रांतीच्या दहशतपर्वाचा इतिहास आपल्याकडे प्रामुख्याने राजकीय अंगाने शिकविला जातो. जॅकोबिन, जिराँदिस्त, लोकसुरक्षा समिती आणि गिलोटिन या चौकटीत तो बसविला जातो आणि त्या काळातील ज्ञानव्यवहाराचा विचार बहुधा बाजूला राहतो. विज्ञानाच्या इतिहासात मात्र याच काळातील एक प्रसंग वारंवार सांगितला जातो. पिएर आंद्रे लात्रेय या कैदेतील धर्मोपदेशकाचे प्राण एका लहानशा भुंगेऱ्यामुळे वाचले, असा तो प्रसंग आहे. हा भुंगेरा म्हणजे नेक्रोबिया रुफिकॉलिस. क्लेरिडी या कुलातील ही जाती आहे.

हा प्रसंग सामान्यतः दैवयोगाचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते हे आकलन अपुरे आहे. किडा तुरुंगाच्या जमिनीवर आला हा योगायोग खरा. परंतु त्या किड्याने कैद्याची ओळख भिंतीबाहेर पोहोचविली, ती त्याला नाव होते, त्याच्या अवयवांची मोजणी करण्याची सर्वमान्य रीत होती आणि ती रीत जाणणारे लोक बाहेर होते म्हणूनच. त्यामुळे या प्रसंगाचा विचार भुंगेऱ्याची शरीररचना आणि त्याच्या वर्गीकरणाचा इतिहास यांच्यासह करणे आवश्यक ठरते. प्राणिशास्त्राच्या अभ्यासकांना यातील काही तपशील प्राथमिक वाटतील. इतिहासाच्या वाचकासाठी ते देणे भाग आहे.

भुंगेऱ्याची शरीररचना

क्लेरिडी कुलात जगभरातील सुमारे साडेतीन हजार जातींचा समावेश होतो. या कुलातील अनेक भुंगेऱ्यांच्या पाठीवर लाल, काळ्या, पिवळ्या पट्ट्यांची वा चौकड्यांची नक्षी असते. त्यावरून इंग्रजीत संपूर्ण कुलालाच ‘चौकडीचे भुंगेरे’ अशा अर्थाचे नाव पडले आहे. नेक्रोबिया रुफिकॉलिसच्या अंगावर मात्र चौकडा नाही. कुलाचे लोकनाम आणि जातीचे रूप यांचा असा मेळ न बसणे वर्गीकरणशास्त्रात नवीन नाही.

या भुंगेऱ्याची लांबी साधारण ४ ते ६ मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी असते. डोके निळसर, धातूसारखी चकाकी असलेले. डोक्यामागील अग्रवक्ष हा भाग तांबडा असून जातीचे नाव त्यावरूनच आले आहे. लॅटिनमध्ये ‘रुफिकॉलिस’ म्हणजे तांबड्या मानेचा. पाठीवरील दोन कठीण पंखकवचांचा बुडाचा सुमारे चौथा हिस्सा तांबडा आणि उरलेला भाग गडद निळा किंवा निळा-हिरवा असतो. पाय तांबडे, तर उदराचा खालचा भाग काळपट निळा असतो. पंखकवचांवर बारीक खळग्यांच्या ओळी आणि ताठ उभे केस दिसतात. हे उभे केस क्लेरिडी कुलातील बहुतेक जातींमध्ये आढळतात आणि भिंगाखाली कुल ओळखताना त्यांचा उपयोग होतो.

शृंगिका ११ खंडांच्या असून शेवटच्या ३ खंडांची मिळून गदेसारखी गाठ होते. त्यातील शेवटचा खंड सर्वांत मोठा असतो. पायाच्या टोकाकडील गुल्फ या भागाची रचना विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. गुल्फाचे खंड ५ असतात. परंतु चौथा खंड अतिशय लहान असून तिसऱ्याच्या खोबणीत दडलेला असतो. वरवर पाहणाऱ्यास ४ खंडच दिसतात. या दडलेल्या खंडाने वर्गीकरणकारांना बरेच दिवस त्रास दिला. त्याचा उल्लेख पुढे येईल.

याच वंशातील आणखी दोन जाती जगभर पसरल्या आहेत. नेक्रोबिया व्हायोलेसिया संपूर्ण गडद निळी असून तिचे पायही गडदच असतात. नेक्रोबिया रुफिपिस अंगाने निळी-हिरवी आणि पायांनी तांबडी असते. पाय आणि मान यांचे रंग पाहिले तरी या तीन जाती एकमेकींपासून वेगळ्या काढता येतात. रुफिपिस ही जाती खोबरे, सुकी मासळी, खारवलेले मांस यांच्या साठ्यांत आढळते. खोबऱ्याच्या आणि मासळीच्या व्यापाराबरोबरच ती उष्ण प्रदेशांतील बंदरांत पोहोचली आणि आपल्याकडील साठवणीच्या किडींच्या यादीतही तिचे नाव असते.

‘नेक्रोबिया’ हे नाव ग्रीक भाषेतील ‘मृत’ आणि ‘जीवन’ या अर्थांच्या दोन शब्दांपासून सिद्ध झाले आहे. सुकलेली कलेवरे, हाडे, कातडी या ठिकाणी हे भुंगेरे राहतात. तेथील सुकलेले मांस व चरबी ते खातात आणि माश्यांच्या व कातडी कुरतडणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्यांचीही शिकार करतात. अळी सडपातळ असून तिच्या शेवटच्या खंडावर दोन आकडे असतात. रुफिपिसची अळी कोषावस्थेपूर्वी तोंडातून स्रवणाऱ्या पांढऱ्या फेसाने आपली कोठडी लिंपून घेते आणि तो फेस वाळून कागदासारखा होतो. प्राचीन इजिप्तच्या ममींमध्येही हे भुंगेरे सापडले आहेत. इंग्रज कीटकशास्त्रज्ञ होप याने १८३४ मध्ये अशा नमुन्यांना ‘नेक्रोबिया मुमिआरम’ असे वेगळे नाव दिले होते. ती रुफिपिसच आहे असे नंतर ठरले. मृतदेह सुकत जाण्याच्या अवस्थेचा अंदाज घेण्यासाठी न्यायवैद्यक कीटकशास्त्र आज या वंशाकडे पाहते.

असा भुंगेरा अठराव्या शतकातील तुरुंगात आढळावा यात नवल मानण्याचे कारण नाही. जेथे मेलेले उंदीर, हाडे आणि कुजके अन्न यांची उणीव नव्हती, तेथे त्याचे बस्तान असणारच.

१७९३ पूर्वीचे वर्गीकरण

लिनियसच्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाच्या १७५८ मधील दहाव्या आवृत्तीत आजच्या क्लेरिडी कुलातील जाती एकत्र नाहीत. मुंगीसारख्या दिसणाऱ्या एका जातीला व मधमाश्यांच्या पोळ्यात वाढणाऱ्या दुसऱ्या जातीला त्याने ‘अटेलाबस’ या वंशात घातले. आज हा वंश पाने गुंडाळणाऱ्या सोंडकिड्यांचा मानला जातो. निळ्या व्हायोलेसियाला त्याने ‘डर्मेस्टिस’ म्हणजे कातडीवरील भुंगेऱ्यांच्या वंशात ठेवले. थोडक्यात, एकाच घरातील भावंडे दोन परक्या घरी वाढत होती.

१७७५ हे वर्ष या दृष्टीने मोठे उद्बोधक आहे. त्या वर्षी डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिसियस याने ‘सिस्टिमा एंटोमॉलॉजिई’ या ग्रंथात तांबड्या मानेच्या भुंगेऱ्याचे वर्णन केले आणि त्याला ‘डर्मेस्टिस रुफिकॉलिस’ असे नाव दिले. त्याच वर्षी स्वीडनच्या डे गीर याने तांबड्या पायांच्या जातीचे वर्णन ‘क्लेरस रुफिपिस’ या नावाने केले. दोन सख्ख्या जाती, एकच वर्ष, आणि दोन वेगळे वंश. कातडीच्या ढिगात जो सापडतो तो कातडीवरील भुंगेरा, असा समज यामागे काही अंशी असावा असे वाटते. शृंगिकेची गाठही डर्मेस्टिसशी मिळतीजुळती होती. वस्तुतः फॅब्रिसियस हा मुखावयवांवर वर्गीकरण उभारणारा, अतिशय काटेकोर अभ्यासक होता. तरीही येथे वसतिस्थानाने रचनेवर मात केलेली दिसते.

१७९२ मध्ये जर्मनीत हेर्ब्स्ट याने ‘कोरिनेटिस’ म्हणजे गदाधारी हा वंश मांडला. आज या भुंगेऱ्यांचे उपकुल त्याच नावाने ओळखले जाते. लात्रेय तुरुंगात गेला तेव्हा प्रश्न येथवर आला होता. जातीला नाव मिळून १८ वर्षे झाली होती. तिचे घर मात्र ठरलेले नव्हते. लात्रेयने तुरुंगात ‘नवी जाती शोधली’ असे जे काही लोकप्रिय पुस्तकांत वाचावयास मिळते ते यामुळे निखालस चुकीचे आहे. त्याने दुर्मीळ जाती ओळखली. शोधणे आणि ओळखणे यांतील हा फरकच या प्रसंगाचा गाभा आहे.

लात्रेय आणि बोर्दोचा तुरुंग

लात्रेयचा जन्म २९ नोव्हेंबर १७६२ रोजी मध्य फ्रान्समधील ब्रीव या गावी झाला. तो एका सरदाराचा अनौरस पुत्र होता. पॅरिस येथे शिक्षण घेत असताना स्फटिकशास्त्राचा संस्थापक मानला जाणारा आउई त्याला शिक्षक म्हणून लाभला. १७८६ मध्ये त्याला धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. ब्रीवच्या परिसरात कीटक गोळा करणे हा मात्र त्याचा खरा व्यासंग होता. पंखहीन मादी असलेल्या मखमली गांधीलमाश्यांवरील त्याचा निबंध १७९२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि फ्रान्समधील निसर्गअभ्यासकांच्या लहानशा वर्तुळात त्याचे नाव परिचित झाले.

१२ जुलै १७९० रोजी राष्ट्रीय सभेने धर्मसंस्थेची नागरी घटना मंजूर केली आणि त्या वर्षाच्या अखेरीस धर्मोपदेशकांना राज्याशी एकनिष्ठतेची शपथ सक्तीची झाली. शपथ न घेणाऱ्यांविरुद्धचे कायदे पुढे कडक होत गेले. ऑगस्ट १७९२ च्या कायद्याने त्यांना देश सोडण्याचा आदेश दिला. जे जाणार नाहीत त्यांना दक्षिण अमेरिकेतील गयानामध्ये हद्दपार करण्याची तरतूद त्यात होती. ऑक्टोबर १७९३ मध्ये यापुढची पायरी गाठली गेली आणि मृत्युदंडाची व्याप्ती वाढली. शपथ न घेतलेला लात्रेय नोव्हेंबर १७९३ मध्ये पकडला गेला आणि इतर धर्मोपदेशकांसह बोर्दो येथे कैदेत पडला. त्याचे वय तेव्हा ३१ च्या आसपास होते.

बोर्दो हे शहर त्या वेळी विशेष कठोर हातांत होते. जिराँदिस्तांचा हा बालेकिल्ला असल्याने उठाव मोडल्यानंतर तेथे सैनिकी आयोग बसविण्यात आला आणि या आयोगाने सुमारे ३०० जणांना मृत्युदंड दिला.

या पार्श्वभूमीवर तुरुंगातील कैद्यांना तपासण्यासाठी येणाऱ्या डॉक्टरला एक कैदी जमिनीवरील किडा अत्यंत लक्षपूर्वक न्याहाळताना दिसला. चौकशी करता हा किडा दुर्मीळ असल्याचे लात्रेयने सांगितले. डॉक्टरला कुतूहल वाटले आणि त्याने तो किडा आपल्या ओळखीच्या एका कुमारवयीन निसर्गअभ्यासकाकडे नेला. हा मुलगा म्हणजे बोरी द सें-व्हेंसां. ६ जुलै १७७८ रोजी जन्मलेला बोरी तेव्हा अवघा १५ वर्षांचा होता. तरी लात्रेयचे लेखन त्याला ठाऊक होते. किडा पाठविणारा कोण हे कळताच बोरी आणि बोर्दोचा निसर्गअभ्यासक दार्जलास यांनी खटपट केली व लात्रेयची सुटका करविली. हाच बोरी पुढे १८०० मध्ये बोदँच्या सागरी मोहिमेवर निघाला, मॉरिशस व रेयूनियाँ बेटांचा अभ्यासक म्हणून गाजला आणि १८२९ मध्ये ग्रीसमधील मोरियाच्या वैज्ञानिक मोहिमेचा प्रमुख झाला.

उरलेल्या कैद्यांचे काय झाले याविषयी निरनिराळ्या कथनांत एकवाक्यता नाही. काहींत ते गिलोटिनखाली गेले असे येते, तर काहींत गयानाला निघालेले जहाज बुडून ते मेले असे येते. महिन्याभरात सर्व मरण पावले एवढेच काही सांगतात. कथा जितकी नाट्यमय तितकी ती अधिक सांगितली जाते, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे. तथापि हद्दपारीची शिक्षा म्हणजे जीव वाचणे असा अर्थ काढणे योग्य होणार नाही. इंग्रजी आरमाराच्या नाकेबंदीमुळे १७९४ मध्ये हद्दपारीची जहाजे निघूच शकली नाहीत. रोशफोरजवळ नांगरलेल्या जहाजांत आठशेहून अधिक धर्मोपदेशक कोंडण्यात आले होते आणि त्यांतील पाचशेहून अधिक रोगराईने व उपासमारीने दगावले. तेव्हा शिक्षेचे नाव कोणतेही असो, लात्रेयसमोर मृत्यूच उभा होता याविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

प्रसंगाच्या सत्यतेबद्दल सर्वांत महत्त्वाचा पुरावा खुद्द लात्रेयचा आहे. १८०६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘जेनेरा क्रस्टेशिओरम एट इन्सेक्टोरम’ या लॅटिन ग्रंथाच्या पहिल्या खंडात या जातीची नोंद करताना, हा कीटक आपल्याला अत्यंत प्रिय असल्याचे आणि त्या संकटकाळात बोरी व दार्जलास यांच्या मदतीने तोच आपल्या सुटकेचे कारण ठरल्याचे त्याने लिहून ठेवले. गुल्फखंड आणि शृंगिका यांच्या कोरड्या वर्णनात मध्येच आलेले हे वाक्य त्या ग्रंथात एकाकी वाटते. स्वतःच्या आयुष्याविषयी फारसे न लिहिणाऱ्या माणसाने ते आत्मचरित्रात न लिहिता जातीच्या वर्णनात लिहिले. दोन्ही साहाय्यकर्ते तेव्हा हयात होते, ही बाब पुरावा म्हणून दुर्लक्षिण्याजोगी नाही.

लात्रेयवर १७९७ मध्ये पुन्हा संकट आले. त्याला घरीच स्थानबद्ध करण्यात आले आणि त्याची पुस्तके जप्त झाली. या वेळी लामार्क, क्यूव्हिए आणि लासेपेद या पॅरिसच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयातील प्राध्यापकांनी शब्द टाकला. या वेळी भुंगेरा नव्हता. विद्वानांची तीच साखळी होती. दोन प्रसंग शेजारी ठेवले म्हणजे पहिल्यातील योगायोगाचा वाटा किती आणि अभ्यासकांच्या परस्परसंबंधांचा किती, हे उमगते. दुसरीकडे हेही म्हणावयास हवे की ज्यांचा कोणत्याही विद्वत्सभेशी संबंध नव्हता, अशा शेकडो खेडवळ धर्मोपदेशकांसाठी शब्द टाकणारे कोणी नव्हते. ज्ञानाने लात्रेयला वाचविले या विधानाची ही काळी बाजू विज्ञानाच्या इतिहासात क्वचितच येते.

सुटकेनंतरचे वर्गीकरण

१७९६ मध्ये लात्रेयने ब्रीव येथून ‘प्रेसी दे काराक्तेर जेनेरीक देझ ॲन्सेक्त’ हा लहानसा ग्रंथ प्रसिद्ध केला. कीटकांची नैसर्गिक क्रमाने मांडणी हा त्याचा विषय होता. लिनियसने पंखांना आणि फॅब्रिसियसने मुखावयवांना प्राधान्य दिले होते. एकच अवयव प्रमाण न मानता मुख, शृंगिका, पंख, गुल्फ या सर्वांचा एकत्रित विचार करावा आणि त्यातून जे गट एकमेकांचे खरे सोयरे ठरतील तेच एका कुलात घ्यावेत, ही लात्रेयची भूमिका होती. या ग्रंथात त्याने वंशांचे गट करून त्यांना कुले म्हटले, परंतु नावे न देता केवळ क्रमांक दिले. ती नावे १८०२ मध्ये आली. त्यांतच ‘क्लेरस’ या वंशावरून उभारलेले कुल होते आणि तेच आजचे क्लेरिडी होय.

गुल्फखंडांच्या संख्येवरून भुंगेऱ्यांचे पाच-खंडी, चार-खंडी असे विभाग करण्याची पद्धत जोफ्रवा याने १७६२ मध्ये सुरू केली होती आणि लात्रेयच्या ग्रंथांमुळे ती एकोणिसाव्या शतकात सर्वत्र रूढ झाली. नेमका हाच भुंगेरा त्या पद्धतीच्या दुबळेपणाचे उत्तम उदाहरण आहे. केवळ दिसणारे खंड मोजणारा त्याला चार-खंडी ठरवून भलत्याच गटात टाकेल. दडलेला चौथा खंड शोधणाराच त्याला योग्य जागी ठेवू शकेल. हा खंड इतका लहान का, यावर एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत भरपूर खल झाला. काही अभ्यासकांनी त्याच लक्षणावर भर देऊन या गटाला क्लेरिडीपासून तोडले आणि ‘कोरिनेटिडी’ हे स्वतंत्र कुल मानले. आज तो क्लेरिडीमधील एक उपकुल मानला जातो.

‘क्लेरस’ या शब्दाचीही एक गंमत आहे. ॲरिस्टॉटलच्या प्राणिविषयक ग्रंथात पोळ्याची नासाडी करणाऱ्या किडीला ‘क्लेरॉस’ म्हटले आहे. मधमाश्यांच्या पोळ्यात वाढणाऱ्या भुंगेऱ्यांना अठराव्या शतकात हे जुने नाव देण्यात आले. हिस्सा किंवा वाटा या अर्थाचा ‘क्लेरॉस’ हाच ग्रीक शब्द ख्रिस्ती धर्मोपदेशकवर्गाच्या नावाच्याही मुळाशी आहे. धर्मोपदेशक म्हणून कैदेत पडलेल्या माणसाची सुटका क्लेरिडी कुलातील भुंगेऱ्याने करावी, हा शब्दसाम्याचा निव्वळ योगायोग होय. त्यातून अधिक अर्थ काढण्याची गरज नाही.

लात्रेयचे पुढील आयुष्य कष्टाचे होते. १७९८ पासून तो पॅरिसच्या संग्रहालयात कीटकांची मांडणी करीत असे. दृष्टी गमावलेल्या लामार्कच्या वतीने त्याने व्याख्याने दिली, क्यूव्हिएच्या १८१७ मधील ‘रेन्य ॲनिमाल’ या ग्रंथातील कीटक, कोळी आणि कवचधारी प्राण्यांचा भाग लिहिला. प्राध्यापकपद मात्र लामार्कच्या मृत्यूनंतर १८३० मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी मिळाले. ६ फेब्रुवारी १८३३ रोजी त्याचे निधन झाले. पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत फ्रान्सच्या कीटकशास्त्र मंडळाने उभारलेल्या स्मारकस्तंभावर नेक्रोबिया रुफिकॉलिसचा उल्लेख लात्रेयचा तारणहार म्हणून केलेला आहे.

आजच्या सूचींमध्ये या जातीचे नाव ‘नेक्रोबिया रुफिकॉलिस (फॅब्रिसियस, १७७५)’ असे छापले जाते. वर्णनकर्त्याचे नाव कंसात असणे म्हणजे त्याने ही जाती दुसऱ्या वंशात ठेवली होती, असा संकेत आहे. डर्मेस्टिसची ती जुनी चूक अशी कंसाच्या रूपाने शिल्लक आहे. नेक्रोबिया या वंशाचे श्रेय ओलिव्हिए या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाला, १७९५ या वर्षासह दिले जाते. जातीच्या नावात किंवा वंशाच्या श्रेयात लात्रेय कोठेच नाही. त्याचे नाव एक पायरी वर, कुलाच्या नोंदीत येते : क्लेरिडी लात्रेय, १८०२.